बांध

रोस्विता उलिग हातमोजे घालण्याआधी
एकदा मनगट खाजवते.
एकतीस वर्षं निकेल.
कातडी विसरत नाही, ती म्हणते, मी विसरते.

चार नंबरची टाकी बाटलीच्या काचेसारखी हिरवी,
कोबाल्टने जराशी गढुळलेली.
पन्नास अंश.
ती काट्यावर सॅकरिन तोलते,
मधुमेही माणसाच्या चहात पडतं तेच,
आणि टाकीत सोडताना दर वेळी म्हणते,
घे, गोड बोल.

मग वीज.
सलग नाही द्यायची.
थोडी द्यायची, थांबायचं.
थोडी द्यायची, थांबायचं.
थांब्यात धातू विसरतो आपण कुठे वाढत होतो
आणि भलतीकडेच नवा दाणा धरतो.

किती बारीक दाणा?
पाहुण्यांना आमचे साहेब केसाची उपमा देतात.
रोस्विताला ती आवडत नाही.
ती म्हणते, शेतापेक्षा बांधच जास्त,
इतकं बारीक.
घसरण एका दाण्यात सुरू होते
आणि दोन पावलांत बांधाला अडते.
कठीणपणा म्हणजे एवढंच.
पण फार हाव धरू नये;
दाणा आणखी आणखी बारीक करत गेलं
की एका टप्प्यावर बांधच सरकू लागतात.

आउएच्या या डोंगरांत पूर्वी
तांब्यासारखा दगड निघायचा.
भट्टीत घातला तर तांबं नाही, नुसता विषारी धूर.
खाणीतल्या खविसाने फसवलं म्हणून
लोकांनी दगडाला खविसाचंच नाव ठेवलं: निकेल.
शेजारच्या दगडाला दुसऱ्या खविसाचं: कोबाल्ट.
त्या शिव्या आता शाळेच्या भिंतीवर,
मूलद्रव्यांच्या तक्त्यात,
सत्तावीस आणि अठ्ठावीस,
भांग पाडलेल्या भावंडांसारख्या शेजारी शेजारी.

त्या मंगळवारी रात्रपाळीला माइक होता.
मुलामा चढताना पोलादात हायड्रोजन शिरतो,
तो काढायला रात्रभर भट्टी, एकशे नव्वद अंश.
माइकने चारशे नव्वद दाबले.
घरी मुलगी तापाने फणफणलेली,
कानाला फोन,
एकच आकडा चुकला.

सकाळी बाराही दांडे चकचकीत,
जरा पिवळसर, पेंढ्याच्या रंगाची झाक.
साहेब म्हणाले, छान दिसतायत.

मी हिऱ्याचं टोक टेकवलं.
सोमवारी पाचशे साठ.
आज दोनशे दहा.
पुन्हा टेकवलं. दोनशे चार.
क्ष-किरणांच्या आलेखावर परवापर्यंत
बसका, पसरट डोंगर होता;
आता सुळका.
दाण्यांनी रात्रीत एकमेकांना गिळलं होतं.
नमुन्याची पट्टी वाकवली तर कट्‌,
आणि भेग बघते तो बांधाबांधाने गेलेली.
तिथे गंधक जमलं होतं,
सॅकरिनमधून आलेलं.
दाणे बारीक ठेवताना चिमूटभर मागे राहिलेलं,
उष्णतेत बांधावर येऊन बसलेलं.

रोस्विताने पट्टीचे दोन तुकडे
जुळवून पाहिले, जसं आपण फुटलेल्या बशीचं करतो,
जुळणार नाही हे माहीत असून.
मग वहीत लिहिलं:
भट्टी ४९०, दांडे १२, मुलामा उतरवणे.
कोणी, हा रकाना रिकामा.

माइक दारात उभा. कपडे कालचेच.
मुलगी?
एकोणचाळीस होता, आता सदतीस.
उतरला तर, ती म्हणाली.
यांचा नाही उतरत.
भट्टी थंड होते, दाणे परत लहान होत नाहीत.
उभा काय राहिलास, आम्लाची टाकी उघड.

मुलामा उतरायला दोन दिवस लागले.
दूध-कारखान्याच्या माणसाचे चार फोन आले,
पाचवा मीच घेतला, आणि खोटं बोलले: पंप बिघडलाय.

गुरुवारी संध्याकाळी बाहेर मुल्देवर धुकं,
आत पहिला दांडा पुन्हा टाकीत.
रोस्विताने मनगट खाजवलं, काट्यावर पांढरी भुकटी,
या वेळी काही बोलली नाही.
भट्टीजवळून माइकचा आवाज,
एकेक आकडा सुटा:
एक. नऊ. शून्य.
थांबून पुन्हा,
एक. नऊ. शून्य.